प्रलयानंतरचा सागर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते ते गुरुवर्य इतिहासाचे संशोधक होते, आणि मोडी कागदांचे रुमाल सोडून त्यांतील एकेका कागदाची तारीख, हस्ताक्षर व शिक्का यांची रुजुवात घालीत बसणे हाच त्यांचा परमार्थ होता, हे या सभेतील वडीलधाऱ्या मंडळींना मी सांगावयास नको. अशा पुरुषाच्या नावाने भरणाऱ्या सभेत भूशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला पाचारण करण्यात चालकांनी औदार्यच दाखविले आहे. परंतु मी ज्याविषयी बोलणार आहे तेही एक दप्तरच असून, त्याचे कागद चुनखडीचे व शेलचे आहेत, त्यांवरील तारखा राखेच्या थरांतील किरणोत्सारी खनिजांवरून वाचाव्या लागतात, आणि त्यातील काही पाने अशी कोरी निघतात की ती पुढे कोणी फाडून नेली, की त्या वेळी लिहिणारेच उरले नव्हते, असा वाद शंभर-सव्वाशे वर्षे चालला. एवढा आधार मला येथे उभे राहण्यास पुरे व्हावा.

श्रीनगरच्या आग्नेयेस, पांपोरच्या केशराच्या मळ्यांपासून फार दूर नसलेल्या खुनमोह गावाच्या मागे गुरयुल नावाची एक घळ आहे. पर्यटकाने तेथे पाहावे असे काही नाही. करड्या-काळपट खडकांचे तिरपे थर एकावर एक रचलेले दिसतात, आणि जवळच्या दगडखाणींनी त्या थरांच्या अस्तित्वालाच धोका उत्पन्न केला असल्याचे गाऱ्हाणे भूशास्त्रज्ञ अनेक वर्षे मांडीत आले आहेत. परंतु हे थर ज्या काळी साचले त्या काळी काश्मीरचा हा मुलूख गोंडवन खंडाच्या उत्तर किनाऱ्यालगत टेथिस नावाच्या सागराखाली होता, आणि त्या सागराच्या तळावर कोण नांदत होते याची नोंद येथे जवळजवळ अखंड राहिली आहे. खालच्या, म्हणजे जेवन गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत बाहुपाद अर्थात ब्रॅकिओपॉड प्राण्यांच्या जाड कवचांची आणि ब्रायोझोआंच्या जाळीदार वसाहतींची दाटी आहे. त्यांवरील खुनमोह थरांत शिरून थोडे वर चढले की ही दाटी विरळ होत जाते, मागे राहिलेले काही जुने बाहुपाद थोड्या उंचीपर्यंत सोबत करतात व मग तेही गैरहजर होतात, आणि त्यानंतर शेलच्या पातळ पापुद्र्यांवर क्लॅरिया नावाच्या एकाच धाटणीच्या पातळ शिंपल्यांचे ठसे दिसू लागतात. पुराजीव महाकल्पाचा शेवटचा कालखंड पर्मियन संपून मध्यजीव महाकल्पाचा पहिला कालखंड ट्रायासिक जेथे सुरू होतो ती ही जागा. या सीमेचा जागतिक मानदंड कोठे रोवावा याची चर्चा चालली असता गुरयुलचे नावही पुढे आले होते. 2001 साली तो मान चीनच्या झेजियांग प्रांतातील मेइशान येथील खडकाला मिळाला.

या सीमेवर काहीतरी विलक्षण घडले आहे, हे ज्ञान नवे नव्हे. जॉन फिलिप्स या इंग्रज भूशास्त्रज्ञाने 1860 साली जीवसृष्टीच्या वैभवाचा जो आलेख काढला त्यात तीन उंचवटे व त्यांच्यामधील दोन खोलगट जागा स्पष्ट दाखविलेल्या होत्या, आणि त्यांतील पहिली खोलगट जागा याच सीमेवर पडत होती. पण तो काळ लायेलच्या आणि डार्विनच्या विचारांचा होता. निसर्गात जे घडते ते मंदगतीने व आजही दिसणाऱ्या कारणांनीच घडते या श्रद्धेचा अंमल इतका दृढ होता की खडकांत दिसणारा खंड हा सृष्टीतील खंड नसून केवळ दप्तराचा अपुरेपणा होय, असे मानण्याकडे विद्वानांचा कल राहिला. क्यूव्हिएच्या प्रलयवादातून नुकतीच सुटका झालेल्या शास्त्राला पुन्हा प्रलयाचे नाव काढणे म्हणजे पोथीकडे परतणे वाटे, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

त्याच सुमारास हिमालयातून जे दाखले येऊ लागले त्यांचे मोल आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही. फर्डिनंड स्टोलिच्का याने 1860 नंतरच्या दशकात स्पितीचे खोरे पालथे घातले. ग्रीसबाख याने कुमाऊँ-गढवालच्या सीमाप्रदेशातील एका कड्यातून मिळालेल्या अमोनाइटवर्गीय प्राण्याला 1880 साली ओटोसेरस वुडवर्डी असे नाव दिले. आणि 1892 साली व्हिएन्नाच्या कार्ल डीनरने त्याच भागात मोहीम काढून मिळविलेल्या सामग्रीचे सविस्तर वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ग्रंथमालेतून प्रसिद्ध केले. ट्रायासिक कालखंडाच्या अगदी पहिल्या पानावर कोणाची सही आहे हे युरोपातील विद्वानांना ठरवावयाचे झाले तेव्हा आल्प्सबरोबर त्यांना हिमालयाकडेही वळावे लागले ते या मंडळींच्या कामामुळे. मेइशानला मान देताना ओटोसेरसच्या ऐवजी कोनोडाँट या ईलसदृश प्राण्याचा सूक्ष्म दात प्रमाण मानला गेला, कारण तो अधिक ठिकाणी सापडतो. निवाडा योग्यच झाला, तरी आपल्याकडचे नाव वगळले गेल्याची किंचित हळहळ वाटते, ती मी लपवीत नाही.

अमोनाइट हे नाव काहींना अपरिचित वाटेल, पण तो प्राणी आपल्या देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे. गंडकीच्या पात्रातून येणाऱ्या ज्या शाळिग्रामांत चक्र दिसते ते चक्र बहुधा ज्युरासिक काळातील अमोनाइटच्या शंखाचे वेटोळे असते. वज्रकीटाने शिळा कोरून चक्रे निर्माण केली असे पौराणिकांनी सांगितले, आणि त्या आकृतीमागे एक सजीव कर्ता पाहिला यात त्यांची दृष्टी अगदीच चुकली असे म्हणवत नाही. आजच्या विषयाला लागू असणारी गोष्ट एवढीच की, ही सर्व प्रजा ज्या घराण्यांची, त्यांचे पूर्वज पर्मियनच्या शेवटी बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते.

आता तपशिलाकडे वळू. मेइशान येथील राखेच्या थरांवरून पर्मियनअखेरच्या महाविलोपाची ही घटना सुमारे 25 कोटी 19 लक्ष वर्षांपूर्वी घडली, आणि तिचा मुख्य भाग अवघ्या 60 हजार वर्षांच्या आसपास उरकला, असे ठरले आहे. समुद्रातील किती जाती नष्ट झाल्या याचा हिशेब निरनिराळा मांडला जातो. डेव्हिड रॉप यांनी 1979 साली शेकडा 96 पर्यंतचा आकडा वर्तविला, तर अलीकडे स्टीव्हन स्टॅन्ले यांनी सर्वसाधारण काळातील विलोप वजा जाता तो शेकडा 81च्या घरात येतो असे दाखविले. लोकप्रिय लेखनात पहिला आकडा अद्याप आवडीने वापरला जातो. मला दुसरा अधिक विश्वसनीय वाटतो, आणि तोही काही कमी भीषण नाही.

कारणाचा मामला आता बराचसा निकालात निघाला आहे. सैबेरियात त्या काळी भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे थरावर थर पसरत गेले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या रीतीने घडला त्याच रीतीचे, परंतु विस्ताराने कितीतरी मोठे असे ते प्रकरण होते. भेद केवळ आकाराचा नव्हता. सैबेरियातील शिलारस वर येताना कोळसा, चुनखडी आणि मीठ यांच्या जाड थरांतून वाट काढीत आला, त्या थरांत आडवा घुसून त्यांना त्याने भाजून काढले, आणि भट्टी लागावी तसा कार्बन डायऑक्साइड व अन्य वायूंचा लोट वातावरणात सोडला. समुद्र तापला, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून तो गुदमरला, आणि कार्बनी वायू विरघळल्याने त्याचे पाणी आम्लतेकडे झुकले. या तिन्ही आपत्ती एकाच वेळी कोसळल्या, आणि त्यांनी बळी घेतले ते सरसकट घेतले नाहीत. अँड्र्यू नॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली दाखवून दिले की ज्यांचे कवच चुन्याचे व जड, आणि ज्यांची श्वसन व रक्ताभिसरण यांची व्यवस्था दुबळी, अशांच्या वर्गाची हानी अपरिमित झाली. उलट ज्यांना कल्ले होते, जे चपळ होते, ज्यांच्या शरीरांना कष्टाच्या प्रसंगी आत साचणारा कार्बनी वायू सोसण्याची सवय होती, त्यांचे नुकसान त्या मानाने कमी झाले. जुन्या धाटणीची सर्व प्रवाळे संपली. फ्यूज्युलिनिड नावाचे गव्हाच्या दाण्याएवढे एकपेशीय जीव, ज्यांच्या कवचांनी चुनखडीचे डोंगर उभारले होते, ते समूळ गेले. ट्रायलोबाइट त्या आधीच रोडावलेले होते. त्यांचे शेवटचे वारसही येथे संपले. समुद्रकमळांचे कुळ एखाददुसऱ्या शाखेवर तगले.

मागे जो सागर उरला त्याचे चित्र उभे करणे कठीण नाही, कारण तो फार थोड्यांचा होता. क्लॅरियाचे पातळ शिंपले काश्मीरपासून आल्प्सपर्यंत व ग्रीनलंडपर्यंत एकाच रूपात सापडतात. बेवारस जमिनीवर जसे एखादे चिवट तण माजावे तशी त्यांची सर्वत्र वहिवाट झाली. लिंग्युलाच्या कुळातील चिखलात रुतून राहणारे बाहुपाद, ज्यांचे भाईबंद भारताच्या पूर्वकिनाऱ्यावर आजही आहेत, तेही या वेळी अनेक ठिकाणी संख्येने वाढले. उथळ पाण्यात जेथे पूर्वी प्रवाळभित्ती होत्या तेथे सूक्ष्मजीवांच्या गाळ धरणाऱ्या थरांनी चुनखडीचे ढीग रचले; असे ढीग पृथ्वीच्या बाल्यकाळी सर्वत्र असत, आणि त्यांना कुरतडून खाणारे प्राणी जवळपास नाहीसे झाल्यावर ते पुन्हा माजले. जमिनीवरही अवस्था वेगळी नव्हती: चंद्रपूर-वणीच्या खाणींतून निघणारा आपला कोळसा ज्या ग्लॉसोप्टेरिस अरण्यांपासून झाला ती अरण्ये पर्मियन काळातली, आणि त्यानंतर ट्रायासिकच्या प्रारंभीच्या थरांत जगात कोठेही कोळसा सापडत नाही.

या उजाड काळाविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात, आणि दोन्हींत थोडी दुरुस्ती करावी लागते. पहिली अशी की, विलोपानंतरचे जीव सर्व खुजे झाले. गोगलगायींच्या बाबतीत हे पाठ्यपुस्तकी सत्य बनले होते. परंतु 2010 साली बऱ्यापैकी मोठ्या आकाराच्या गोगलगायी त्याच काळाच्या खडकांतून निघाल्या, आणि खुजेपणा हा काही अंशी तरी आमच्या वेचणीतील खुजेपणा होता असे दिसून आले. दुसरी गोष्ट जे नाहीसे झाले त्यांच्या यादीची. ज्यांची नावे मृत म्हणून खारीज करण्यात आली होती ती काही कुळे लक्षावधी वर्षांनी पुन्हा हजर झालेली आढळतात. बायबलमधील कबरीतून उठलेल्या लाझरसचे नाव शास्त्रज्ञांनी त्यांना दिले आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्यात पॅरिस नावाच्या छोट्या गावाजवळ ट्रायासिकच्या आरंभकाळातील जो समृद्ध जीवसमूह सापडला व 2017 साली प्रसिद्ध झाला, त्यात एका अशा स्पंजकुळाचे अवशेष होते की ज्याची यापूर्वीची शेवटची नोंद तब्बल 20 कोटी वर्षे आधीची होती. इतका दीर्घ काळ ते कोठेतरी होतेच. फक्त आम्हांला ज्या खडकांत शोधावयाची सवय त्या खडकांत ते नव्हते. म्हणजे ज्यांनी दप्तराच्या अपुरेपणाची सबब पुढे केली ते फिलिप्सचे प्रतिपक्षी प्रलयाच्या बाबतीत चुकले तरी दप्तराच्या बाबतीत खरे ठरले.

सावरण्याच्या वेगाचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची कैफियत मी जरा सावकाश मांडणार आहे. पुष्कळ वर्षे असे शिकविले गेले की पर्मियनच्या आघातानंतर समुद्राला सावरण्यास 50 लक्ष ते 1 कोटी वर्षे लागली, कारण आघातच तेवढा मोठा होता. अमोनाइटवर्गाने या विधानाला छेद दिला. त्यांच्या दोन-तीनच शाखा सीमेपलीकडे आल्या होत्या. त्यांपैकी ओटोसेरसची शाखा, जिने हिमालयात नव्या युगाचे पहिले पान लिहिले, ती थोड्याच अवधीत वंशहीन झाली. वाचणे आणि वारसा चालविणे या दोहोंचा एकमेकांशी संबंध असतोच असे नाही, याचा हा ठळक नमुना होय. उलट झेनोडिस्कसच्या गौण, साध्या शंखाच्या घराण्यातून मात्र असा वंशविस्तार झाला की, अर्नो ब्रायार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, 20 लक्ष वर्षांच्या आत अमोनाइटांचे वैविध्य पर्मियनमधील त्यांच्या स्वतःच्या वैभवाहूनही वर गेले. स्पितीतील मुद गावाजवळचे थर या फुलोऱ्याची साक्ष देतात. भूशास्त्राच्या मोजपट्टीवर हा काळ डोळ्याचे पाते लवण्याइतका आहे. अशी वस्तुस्थिती असता, जीवसृष्टीला सावरण्याची शक्तीच नव्हती असे कसे म्हणावे?

आणि लगेच त्यांच्यावर दुसरा घाला पडला. पहिल्या आपत्तीनंतर सुमारे 25 ते 30 लक्ष वर्षांनी, स्मिथियन नावाच्या कालविभागाच्या शेवटी, अमोनाइट व कोनोडाँट या दोघांचीही फार मोठी हानी झाली. दक्षिण चीनमधील कोनोडाँटांच्या दातांत अडकलेल्या प्राणवायूच्या समस्थानिकांवरून 2012 साली जे तापमान काढण्यात आले त्याप्रमाणे त्या सुमारास विषुववृत्तीय समुद्राच्या पृष्ठभागाची उष्णता 40 अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचली होती. उष्ण कटिबंधातील खडकांत त्या वेळचे मासे दुर्मीळ का, याचे उत्तर त्यात मिळते. माझे मत असे झाले आहे की, विलंबाचे कारण पहिल्या आघाताच्या आकारात शोधणे व्यर्थ असून, तो आघात थांबलाच नव्हता हे ओळखणे अगत्याचे आहे. दुष्काळी मुलखात एक साल बुडाले तर कुळे तगतात. लागोपाठ साले बुडाली म्हणजे ती परागंदा होतात. ज्यांच्या पिढ्या झपाट्याने होतात व ज्यांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात त्या अमोनाइटांनी दोन आघातांमधल्या सवडीतही वंश वाढवून घेतला. प्रवाळांना ती सवड पुरणारी नव्हती.

प्रवाळांचे प्रकरण खरोखरच निराळे आहे. आज ज्यांना आपण पोवळी म्हणतो त्यांचे पूर्वज मध्य ट्रायासिकमध्ये, म्हणजे आपत्तीनंतर सुमारे 50 लक्ष वर्षांनी, खडकांत प्रथम दिसतात, आणि ते जुन्या प्रवाळांचे वंशज नाहीत. जुनी घराणी निःसंतान गेली. बहुधा कवच नसलेल्या, समुद्रपुष्पांसारख्या मऊ शरीराच्या काही जीवांनी अनुकूल पाणी मिळताच नव्याने चुन्याचा सांगाडा धारण केला. मधल्या काळात ते होते, पण हाडच नसल्याने त्यांची नोंद झाली नाही. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तीकडे पाहणाऱ्यास ती सृष्टी अनादिकालाची वाटते, पण ती एका मोकळ्या झालेल्या वतनावर मागाहून आलेल्या उपऱ्यांची आहे.

बाहुपाद आणि शिंपले यांच्या कज्ज्याचाही येथेच निकाल लागला. पुराजीव समुद्राचा तळ बाहुपादांचा होता. आज कोकणच्या किनाऱ्यावर तिसऱ्या, खुबे, कालवे मिळतात, ते सर्व शिंपलावर्गातले, आणि बाहुपाद म्हणून काही असते हे कोळणीलाही ठाऊक नसते. शिंपल्यांनी हळूहळू स्पर्धेत बाहुपादांना जिंकले असा समज शंभर वर्षे प्रचलित होता. गूल्ड व कॅलोवे यांनी 1980 साली दोघांच्या वंशसंख्येचा मेळ घालून दाखविले की दोन्ही वर्ग कोट्यवधी वर्षे शेजारी नांदत होते, एकाच्या वाढीने दुसरा घटत होता असा पुरावा नाही. पर्मियनच्या शेवटी मात्र बाहुपादांची जी वजाबाट झाली ती शिंपल्यांच्या मानाने फार मोठी होती, आणि तेथून पुढे शिल्लकच उलटी पडली. दीर्घ स्पर्धेतून गुणवंताचा विजय होतो या कल्पनेवर पोसलेल्या मनाला हा निकाल रुचत नाही, हे मी विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर वारंवार पाहिले आहे.

मध्य ट्रायासिकमध्ये नवा सागर उभा राहिलेला दिसतो. चीनच्या युन्नान प्रांतातील लुओपिंग येथे सुमारे 20 हजार जीवाश्म गोळा झाले आहेत, आणि त्यांत मासे, झिंगेवर्गीय प्राणी व सागरी सरीसृप सर्वच आहेत. त्याहून चकित करणारी गोष्ट अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात सापडली: 2021 साली वर्णिलेल्या सिंबोस्पाँडिलस यंगोरम या मत्स्यसरीसृपाची कवटीच जवळजवळ 2 मीटर लांब असून त्याची एकंदर लांबी 17 मीटरांच्या आसपास असावी. हा प्राणी सुमारे 24 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपत्तीनंतर अवघ्या 60 लक्ष वर्षांच्या आतला. आणि याचे पूर्वज तर जमिनीवरून पाण्यात गेलेले. पुढे व्हेल माशांना एवढा देह कमावण्यास याच्या कितीतरी पट काळ लागला. एवढ्या देहाचे उदरभरण कशावर होत असेल? ज्यांनी सर्वांआधी समुद्र पुन्हा भरून काढला ते अमोनाइट आणि कोनोडाँट या अन्नसाखळीच्या पायाशी होते, असे त्याच्या संशोधकांचे अनुमान आहे. पर्मियनच्या सागरात या तोडीचा शिकारी नव्हता. गेलेले काही परत आले नव्हते, व जे आले त्याला पूर्वीचा नमुना नव्हता.

अमोनाइटांची पुढील हकीगत सांगून मी आपला निरोप घेतो. सुमारे 20 कोटी 14 लक्ष वर्षांपूर्वी, ट्रायासिकच्या शेवटी, ते पुन्हा एकदा जवळजवळ बुडाले. फिलोसेरस-घराण्याच्या आधारे वाचले, आणि ज्युरासिक व क्रिटेशस समुद्रांत पुन्हा पसरले. परंतु 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी, जेव्हा दख्खनचा लाव्हारस वाहत होता आणि मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर अशनी आदळला, तेव्हा ते कायमचे गेले, आणि त्यांचा दूरचा, संथ, तुलनेने वैभवहीन आप्त नॉटिलस मात्र राहिला. पुष्कळ अभ्यासकांच्या मते याचे कारण अंड्यात आहे. अमोनाइटचे पिल्लू मिलिमीटरभराचे असे, ते पृष्ठभागावरील सूक्ष्मजीवांत वाढे, आणि अशी पिल्ले असंख्य असत. पर्मियननंतर त्यांचा वंश इतक्या त्वरेने फैलावला तो बहुधा याच बळावर. अशनीच्या धुळीने सूर्य झाकला जाऊन पृष्ठभागावरील ते सूक्ष्मजीवच कोलमडले, तेव्हा त्यांवर अवलंबून असलेली पिल्ले उपाशी पडली. नॉटिलस मोठी अंडी थोडी घालतो, ती उबण्यास वर्षाच्या आसपास लागते, आणि अंड्यातून निघणारे पिल्लू इंचभर आकाराचे, खोल पाण्यात पडेल ते खाऊन राहणारे असते. पृष्ठभागावर अन्न आहे की नाही याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते.